येडा, येडी आणि येडं

"जावई, आमाला येडं म्हणणारी गेली हो..."

उमरीच्या स्टेशनाबाहेर चहाचं हॉटेल चालवणारे रहीमचाचा फोनवर एवढंच बोलले आणि थांबले. कोण गेलं, हे मला विचारावं लागलं नाही. उमरीत माणसाला साहेब म्हणणारे पुष्कळ आहेत, भाऊ म्हणणारे आहेत, पाठीमागून काहीबाही म्हणणारे तर सगळीकडेच असतात. पण भर रस्त्यात, तोंडावर आणि मायेनं येडं म्हणणारी बाई एकच होती. धुरपदाबाई, माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, म्हणून माझ्यासाठी त्या कायम मामीच. सकाळी त्यांनी चुलीवर चहा ठेवला, तो उकळेपर्यंत ओट्यावर येऊन बसल्या आणि बसल्या जागीच मान टाकली. चहा उतू जाऊन धूर झाला तेव्हा शेजारणीला शंका आली. अंथरुणाला खिळणं, दवाखाना, सलाईन असलं काही त्यांनी स्वतःला करून घेतलं नाही आणि आम्हालाही करू दिलं नाही.

माझी बायको शकुंतला शेजारीच उभी होती. मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. ती रडली नाही. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "चाचा, गौतम कुठंय?" गौतम तिचा धाकटा भाऊ. केस पांढरे झालेला, अंगानं आडदांड, पण समज लहान लेकराएवढीच राहिलेला. मामींच्या मागं याचं कसं होणार, हा प्रश्न आमच्या घरात गेली कित्येक वर्षं होता. तो कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं इतकंच. लातूरहून उमरीला पोचेपर्यंत एसटीत आम्ही दोघंही त्याच विचारात होतो...

मामींना मी पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात. मी मूळचा अहमदपूरकडचा. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. कुणाच्या तरी ओळखीनं भोकर-उमरी रस्त्याच्या दुष्काळी कामावर हजेरी घ्यायची नोकरी लागली. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, कानाला पेन्सिल, असा माझा थाट. माणसं उन्हात खडी फोडायची, दुपारी सुकडी खायची आणि मी त्यांची नावं पुकारायचो. एका सकाळी एक उंच, सावळी बाई तरण्या लेकीला आणि मिसरूड फुटलेल्या पोराला घेऊन कामावर आली. मुकादमानं त्या पोराकडं एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं की हा येडा आहे, कुणाच्या डोक्यात हातोडा घालील, याला घ्यायचं नाही. बाई चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदर खोचून खाली बसल्या आणि हातोडा उचलला.

"ह्या उन्हात दगडं फोडाया आलेलं समदं गावच येडं हाय," त्या म्हणाल्या. "शहाने सावलीला बसलेत. हितं कोन शहानं असंल त्याला आदी बाजूला काडा, मंग माज्या लेकराचं बोलू."

बाया खदाखदा हसल्या. मुकादमही हसला, कारण सगळ्यांत जास्त घाम त्यालाच आला होता. शेवटी गौतमला खडी नको, पण लोकांना पाणी वाटू दे, असं ठरलं. तो दिवसभर डोक्यावर घागर घेऊन फिरला आणि कुणीही न मागता प्रत्येकाला पुन्हा पुन्हा पाणी पाजत राहिला. त्या गडबडीत बाईंची नजर माझ्या टोपीवरून फिरली होती, पण मला त्या काही म्हणाल्या नाहीत. तेव्हा वाटलं, चला, आपण सुटलो. पुढं सगळी जिंदगी त्याच सुटण्याची मला रुखरुख लागून राहील, हे काय माहीत.

त्या तरण्या लेकीशीच पुढं माझं लग्न झालं. काम संपलं तरी मी उमरीला कशाकशाच्या निमित्तानं जात राहिलो, हे घरच्यांच्या लक्षात आलं होतं. पंचशील म्हणून झालं, हार घातले, जेवणं झाली. त्या दिवसापासून मी त्या घरात 'जावई' झालो आणि तिथंच अडकलो. कारण त्या घरात ज्याच्यावर जीव, त्याला मामी येडं म्हणत. आणि मला म्हणत 'जावई'.

त्यांच्या तोंडातला तो शब्द नीट ऐकायला मला बरेच उन्हाळे लागले. आधी वाटायचं, बाईंना दुसरा शब्दच येत नाही. लेट झालेली पॅसेंजर येडी. न बरसता निघून जाणारं आभाळ येडं. दुसऱ्याच्या दावणीला जाऊन उभी राहणारी शेळी येडी. मापात जास्त भाजी टाकणारा माळी येडा आणि कमी टाकणारा तर महायेडा. पाऊस एकदा धो धो आला तर त्या म्हणत, येड्यावानी पडून राहिला बघा. तिथं त्या शब्दाचा मूर्खपणाशी काही संबंध नसे, त्याचा अर्थ नुसता 'फार' असा. कुणाचं पोरगं कुणाच्या पोरीपायी खुळावलं की त्याला येड लागलं, आणि तेवढं बोलताना त्यांचा स्वतःचा चेहरा उजळलेला असायचा. विहारात एक तरुण भंते आले होते. दुपारनंतर जेवत नाहीत म्हणून दोन दिवस नुसत्या चहावर राहिले, कारण सकाळी वेळेवर त्यांना जेवायला बोलवायचं सगळेच विसरले आणि ते बिचारे मागायला लाजले. मामींना कळलं तेव्हा त्यांनी आधी वाकून वंदन केलं, मग ताट वाढलं आणि म्हणाल्या, "येडं लेकरू." भंते खाली मान घालून जेवले. ते पुढं कधीही उमरीवरून गेले तरी सकाळीच मामींच्या दारात येत.

हळूहळू मला त्यातलं लिंग कळायला लागलं. मराठीची ही गंमत आहे, तीन लिंगांत एकच शब्द तीन जातींचा होतो. मामींनी 'येडा' म्हटलं की समजावं, काहीतरी चुकलंय, सुधारा. 'येडी' म्हटलं की त्यात अर्धं हसू असायचं, बायकाबायकांतलं. पण 'येडं'... ते मांडीवर घेतल्यासारखं असायचं. मग तो पुरुष असो, बाई असो, म्हातारा असो. रहीमचाचांचा मुलगा दुबईला गेला त्या दिवशी चाचा हॉटेल बंद करून पाठीमागच्या बाकावर बसले होते. मामी गेल्या, शेजारी बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "येऽडं." चाचा सांगतात, त्या एका शब्दावर ते पोटभर रडले आणि संध्याकाळी हॉटेल उघडलं.

त्यांच्या शब्दकोशात शिवी एकच होती, 'शहाणा'. एखाद्याबद्दल मामी म्हणाल्या की लई शहाना मानूस हाय, तर घरातल्या सगळ्यांनी समजायचं की त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. आता माझी पंचाईत बघा. एकदा मी ओसरीत झोपलोय असं समजून मामी शेजारणीला सांगत होत्या, "आमचे जावई शहाने हाईत बाई." मी उठून बसलो. शकुंतलेला विचारलं, हे चांगलं म्हणाल्या का वाईट. ती म्हणाली, मलाही कळत नाही, मायलाच विचारा. विचारायची माझी छाती झाली नाही.

मग लातूर जिल्हा झाला. मी तोवर उस्मानाबादच्या कचेरीत कायम झालो होतो, तिथून लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत आलो. त्या दिवसांतलं लातूर ज्यांनी पाहिलं त्यांना आठवेल. डाळ मिलांच्या भिंतींवर नव्या रंगानं 'जि. लातूर' लिहिलं जात होतं. अडतीवरचा हमालसुद्धा छाती काढून चालत होता. साधा पानपट्टीवालाही गिऱ्हाइकाशी जिल्ह्याच्या ठिकाणी राहत असल्यासारखा बोलायचा. माझ्याही चालण्यात फरक पडला असणार, कारण मामी गौतमला घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "जिल्हा झाला म्हंजी काय झालं जावई? नळाला पानी जास्त येतं का?" मी म्हटलं, पाणी तेवढंच येतं. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे.

त्याच मुक्कामात माझे साहेब आमच्याकडे चहाला आले. नवा जिल्हा, नवे साहेब, पुण्याकडचे. त्यांना खूश ठेवणं माझ्या दृष्टीनं फार महत्त्वाचं होतं. मी शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या, कपबशा आणल्या, आणि शकुंतलेला हळूच सांगितलं की गौतमला मागच्या खोलीत बसव. तेवढ्यात गौतम स्वतःच पाण्याचे पेले घेऊन बाहेर आला. कुणी घरी आलं की पाणी द्यायचं, हे त्याचं काम, ते त्यानं कधी चुकवलं नाही. पेला साहेबांच्या हातात देऊन तो समोरच उभा राहिला आणि त्यांच्या तोंडाकडं टक लावून हसत बसला. साहेब अवघडले. मला हलक्या आवाजात म्हणाले, "हे तुमचे मेहुणे का? जरा... कमी आहेत का?" असं म्हणत त्यांनी बशीतलं बिस्कीट उचललं आणि गौतमकडं बघता बघता पाण्याच्या पेल्यात बुडवलं. बिस्कीट विरघळून तळाला गेलं तरी त्यांना पत्ता नाही. दाराशी मामी उभ्या होत्या.

"कमी न्हाई साहेब, येडा हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आन तुमीबी येडेच की. च्या ठेवून पान्यात बिस्कुट बुडवून राहिलेत."

साहेबांनी पेल्यात पाहिलं. गौतम एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तो पुढं झाला, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि 'येडा, येडा' म्हणत आनंदानं नाचला. त्याला आपला माणूस भेटला होता. मला वाटलं, बदली आता थेट गडचिरोलीला. पण साहेब आधी ओशाळले, मग हसायला लागले, आणि मग डोळे पुसत म्हणाले की आजी, घरून निघाल्यापासून मला असं कुणी बोललंच नाही. त्यांनी ते बिस्किटाचं पाणी पिऊनही टाकलं. त्यानंतर जिल्हा सोडेपर्यंत ते मला कचेरीत विचारत राहिले, "आजी कशा आहेत? आणि ते आमचे मित्र?"

साहेब गेल्यावर मी शकुंतलेला म्हटलं, मामींना हा शब्द थोडा आवरायला सांग, प्रत्येक साहेब असा नसतो. ती भांडी आवरत होती. तिनं हातातला कप खाली ठेवला आणि मला जे सांगितलं ते तोवर कधीच सांगितलं नव्हतं. मामींच्या तोंडात हा शब्द पूर्वी नव्हताच. गौतम लहान असताना त्याला शाळेत घातला होता. महिनाभरानं त्याला परत पाठवलं, याला काही कळत नाही, उद्यापासून आणू नका म्हणून. शाळेपासून घरापर्यंत पोरांची झुंड त्याच्या मागं 'येडा गौतम, येडा गौतम' ओरडत आली. नाव ठेवलेलं बुद्धाचं, आणि गाव त्याच्यापुढं हे जोडत होतं. मामी दारात भाकरी थापत होत्या. पोरं आता मार बसणार म्हणून मागं सरली. पिठाच्या हातानंच मामी उठल्या आणि एकेका पोराकडं बोट करत म्हणाल्या, तू येडा, तूबी येडा, हे पल्याडचंबी येडं, आन मी तर सगळ्यात मोठी येडी. या, येड्यांनो, भाकर खा. पोरं कोड्यात पडली. पण भाकर गरम होती. ती बसली आणि गौतम त्यांच्यात बसला.

"तवापासून माय समद्यांला म्हनते," शकुंतला म्हणाली. "एकट्या गौतमचंच ते नाव पडू नाही म्हणून."

खडीच्या ढिगावर बसलेली ती बाई मला आठवली. गंमत वाटली होती मला तिची. हजरजबाबी आहे, असं मी घरी सांगितलं होतं. पण ती लेकरावर पडलेला दगड उचलून तो साऱ्या गावात वाटून टाकत होती. वाटत वाटत त्याचा जोंधळा करून टाकला तिनं.

हे कळल्यावर उमरी मला वेगळीच दिसायला लागली. तिथं कुणीही कुणालाही येड्या म्हणून हाक मारी. किराणावाला गिऱ्हाइकाला, न्हावी डोकं भादरताना, पोस्टमन सायकलवरून. मामींनी हाक मारलेली पोरं मोठी होऊन दुकानांवर बसली होती आणि तो शब्द त्यांच्या तोंडात मुरला होता. गौतम सकाळी स्टेशनाकडं निघाला की दुतर्फा हाका सुरू होत, काय येड्या, च्या पेला का? तो प्रत्येकाला उत्तर देई, हाव येड्या, तू पेला का? बाहेरगावचा एखादा माणूस हे ऐकून चक्रावून जाई. त्यातला नेमका येडा कोण हे त्याला ओळखता येत नसे. गौतमचा उद्योग ठरलेला, उन्हाळ्यात पॅसेंजर थांबली की खिडकीखिडकीतून बाटल्या घ्यायच्या आणि नळावर भरून द्यायच्या.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्याची गोष्ट तर अख्ख्या उमरीला पाठ आहे. आमच्या नळाला आठवड्यांमागून आठवडे पाणी नव्हतं, हे मामींनी घरात बोलून दाखवलं. गौतमनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं प्लास्टिकची कॅन काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, पॅसेंजरमध्ये एका अनोळखी माणसाच्या पायाशी ठेवली आणि सांगितलं, लातूरला शकूताईला द्या. गाडी गेली. तो माणूस उतरणारा मुदखेडला. पण भला निघाला, संध्याकाळच्या गाडीनं कॅन परत पाठवली. गावभर हसाहशी. रहीमचाचांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. पुढं थोड्याच दिवसांत सरकारनं लातूरला रेल्वेनं पाणी पाठवायला सुरुवात केली. पेपरात फोटो आला. मामींनी खालची बातमी वाचून घेतली आणि मला फोन लावायला लावला. "जावई," त्या म्हणाल्या, "माज्या येड्यानं आदी पाठवलं होतं. तवा समदे हसले. आता हसत न्हाईत कुनी."

मी निवृत्त झालो होतो. पोरं पुण्याला लागली. लातूरला आम्ही दोघंच, बांधलेलं पक्कं घर. मामी थकत चालल्या होत्या. शेवटच्या दिवाळीनंतर आम्ही उमरीला गेलो तेव्हा मी विषय काढलाच. म्हटलं, तुम्ही आणि गौतम लातूरला चला. दवाखाने आहेत, सगळं जवळ आहे. मामी ओट्यावर तूर निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथं त्यो एकटाच येडा असंल, जावई. हितं समदं गाव येडं हाय." पण मलाही त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, इतक्या वर्षांचं मनातलं तोंडावर आलं. मी विचारलं, मामी, सगळ्यांना म्हणता, मला कधी येडं का म्हटलं नाही? त्यांनी सूप बाजूला ठेवलं. खरोखर विचार केला. आणि पडलेल्या तोंडानं म्हणाल्या, "मी म्हनीन की. पर तुमी येड्यावानी कवा काही करतच न्हाई. मी काय करू?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पण खरं सांगतो, मला ते लागलं. जन्मभर नीट वागल्याचं हे फळ.

मामी गेल्यावर जलदान विधीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. रहीमचाचांनी चहाचा पैसा घेतला नाही. भंते आले होते, आता तेही पिकल्या केसांचे. सगळं रीतसर झालं. आणि मग मला दिसलं की एक गोष्ट विचित्र होतेय. गौतमला कुणी येडा म्हणत नव्हतं. न्हावी, किराणावाला, पोस्टमन, सगळे त्याला बघून आवाज खाली आणत. 'गौतमभाऊ' म्हणत. 'बिचारा' म्हणत. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून जाई. त्यांचं मन चांगलंच होतं. माय गेली त्याची, आता कसं म्हणायचं त्याला तसं, असं प्रत्येकाला वाटत होतं. पण गौतमला ते कळेना. तो हाक यायची वाट बघत दुकानांसमोर उभा राही आणि हाक आली नाही की परत येई. मग त्यानं बाहेर जाणंच सोडलं. स्टेशन सोडलं, बाटल्या सोडल्या. जेवताना घास हातात धरून बसू लागला. त्याचं तोंडच मिटलं. शकुंतला मला म्हणाली, माय नुसती गेली न्हाई हो, जाताना तिनं त्याला एकटं पाडलं... आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

मग मीच ठरवलं. लातूरला न्यायचं. इथं राहिला तर हा खंगून जाईल. सामान बांधलं, शेजारणीकडं शेळी सोपवली, सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. सगळी व्यवस्था मी चोख केली. चूल विझवली, पाण्याचं भांडं पालथं घातलं, दोन कुलपं लावली, ओढून पाहिली. मामींचं घर माझ्या हातानं बंद करताना डोळ्यांपुढं धुकं झालं होतं, हे कबूल करतो. मी पुढं, मागं शकुंतला, तिच्या मागं गौतम, असे आम्ही बाजारातून निघालो. दुतर्फा माणसं उभी राहिली. कुणी हाक मारली नाही. काहींनी हात जोडले.

रहीमचाचांच्या हॉटेलापाशी थांबलो. गाडीला वेळ होता. चाचांनी चहा दिला. गौतमनं कप घेतला आणि तो खाली बघत बसला. मग त्यानं कप बाकावर ठेवला, शकुंतलेच्या पदराला धरून ओढलं आणि माझ्या पायांकडं बोट दाखवलं.

माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात गौतमची. चांगली दोन बोटं पुढं आलेली, लाल पट्ट्याची. आणि गौतम माझी उरलेली तोकडी चप्पल पायात कोंबून, टाच मातीत घासत, घरापासून इथवर न बोलता चालत आला होता.

"ताई," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज ऐकत होतो. "दाजी येडं हाय."

शकुंतलेनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. माझा मात्र सगळा जीव कानात गोळा झाला होता. त्यानं येडा म्हटलं नव्हतं. मी मोठा दाजी, त्यानं आदरानं 'येडे' म्हणायला हवं होतं, तसंही म्हटलं नाही. येडं म्हटलं. पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, सगळ्या बाजाराला सांगितल्यासारखं, "दाजी लई येडं हाय." चाचा हसायला लागले. त्यांचं बघून न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. किराणावाल्यानं दुकानातून ओरडून विचारलं, "काय झालं रे येड्या?" आणि गौतम उठला, एका पायात माझी चप्पल तशीच ठेवून लंगडत त्याच्याकडं निघाला. "तू बग ना येड्या," म्हणत त्यानं त्याला हाताला धरून माझे पाय दाखवायला आणलं. मग न्हाव्याला आणलं. मी दोन्ही पाय जुळवून, सगळ्यांना नीट दिसतील असे ठेवून बसून राहिलो.

गाडी आली. गौतम सवयीनं खिडक्यांकडं धावला. कुणीतरी बाटली पुढं केली, ती घेऊन तो नळाकडं गेला. गाडी हलली, तेव्हा आमचं सामान बाकाशेजारीच होतं. शकुंतलेनं तिची पिशवी उचलली आणि घराच्या दिशेनं चालायला लागली.

"लातूरचं पक्कं घर सोडून हितं राहता का आता?" चाचांनी विचारलं. "ह्या वयात? येडे झाले का जावई?"

मी म्हटलं, "हाव."